चिलटांच्या सोयरिकी लावणारी

वैशू,

तुझ्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं आली, की नांदुऱ्यात कधी न थांबणाऱ्या गाड्याही त्या दिवशी थांबल्या. ड्रायव्हर खाली उतरून विचारत होते, कोण गेलं म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भाऊ, अर्धं कमी कर." बरं, करतो. गाड्या थांबल्या नाहीत. पण मंडप पुरला नाही, एवढं खरं आहे. तुझ्या कॉलेजच्या पोरी चिखलीहून गाडी करून आल्या होत्या. घाट उतरताना त्यांतल्या दोघींना उलट्या झाल्या, तरी आल्या. पांढऱ्या साड्या नेसून मागच्या रांगेत बसल्या. एक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, मॅडमनं आम्हाला माश्यांची लग्नं लावायला शिकवलं." माझ्या शेजारी आपल्या गावचे, उंद्रीचे पाहुणे बसले होते. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला तोंडाला रुमाल लावावा लागला. लोकांना वाटलं, रडतोय. रडतही होतो. दोन्ही एकाच रुमालात उरकलं.

पण आज लिहायला बसलोय तो जनामावशीमुळे.

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मावशी माझ्या शेजारी येऊन टेकली. माझा हात हातात घेतला आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "रडू नको बापा. वैशूनं तुया वाट्याचंबी सोबत नेलं. एका घरात एकालेच असते ते. आता तुले नाई, तुया पोरीले नाई. सुटले तुम्ही."

बसलेल्या सगळ्यांनी मान हलवली. किती बरं वाटलं लोकांना, काय सांगू. मेलेल्या माणसाच्या घरी जाताना काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही, आणि मावशीनं असं काही शोधून काढलं होतं की दुःखही झालं आणि दुःखाचा उपयोगही झाला. तुझी भाची करुणा पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिचं लग्न ठरलंय हे तुला माहीत आहे, पोराला पसंत तूच केलं होतंस. तिला फक्त होकाराचं एक 'हाव' हवं होतं माझ्या तोंडून.

आणि ज्या माणसानं आजवर कुठलीही गोष्ट आपल्या पदरचं दोन शेर घातल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही, तो गप्प बसला.

बाबांची गोष्ट तुला नव्यानं सांगायची गरज नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. बाबा लोणारच्या एसटीवर कंडक्टर. चाळिशीत त्यांचे हात आपल्या मर्जीनं उडायला लागले. आधी बोटं, मग खांदा, मग मान. फाडलेलं तिकीट भलत्याच प्रवाशाच्या मांडीवर जाऊन पडायचं. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. पाऊल एकीकडे निघायचं आणि बाबा दुसरीकडे. ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूचं बूच हुंगलं नव्हतं, त्याला सारी उंद्री म्हणायला लागली, "सायेब सकाळपासूनच टाकून राह्यले."

तेव्हा मी गोष्ट रचली. की आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर इतकी वर्षं उभ्यानं नोकरी केल्यानं एसटीचं इंजिन बाबांच्या अंगात शिरलं आहे, आणि गाडी डेपोत लागली तरी ते बंद होत नाही. झोपेतही बाबा गिअर बदलतात, असं मी सांगत असे. लोणारचं वळण आलं की डाव्या कुशीवर होतात. लोकांना गोष्ट आवडली. पिऊन आहे म्हणण्यापेक्षा इंजिन आहे म्हणायला मजा जास्त होती. पुढं पुढं ओट्यावरची माणसं बाबांनाच विचारायची, "काय सायेब, इंजिन कसं हाय?" आणि बाबा म्हणायचे, "आज जरा गरम हाय."

विश्वास न ठेवणारी एकच निघाली, फ्रॉकातली तू. सकाळी उठून माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस. "भाऊ, मी पाह्यलं. झोपेत बाबा हालतच नाईत. एकदम शांत असतात. तू काऊन खोटं सांगून राह्यला?" मग शाळेतून येताना चिखलीच्या स्टँडवर थांबून तू उतरणाऱ्या एकेका कंडक्टरचे हात बघायला लागलीस. एकानं तुला हटकलंही, पोरी, काय पाह्यतं म्हणून. तू म्हणालीस, इंजिन. घरी येऊन तू निकाल दिलास. "कोणाचंच चालू नाई. फक्त आपल्याच बाबाचं काऊन?"

त्या एका 'काऊन'चं बोट धरून तू पुण्यापर्यंत गेलीस. पुढं कधी तरी तू मला म्हणालीस, की माझ्या त्या थापेवाचून तू शिक्षिका होऊन उंद्रीतच राहिली असतीस. यात माझं कौतुक होतं की तक्रार, हे मी विचारलं नाही. कौतुक धरून चाललो.

बाबा गेल्यावर पुण्याच्या त्या मोठ्या संस्थेत मी पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो का? माझं फळांचं दुकान. बहिणीकडे काय रिकाम्या हातानं जायचं? केळीचा अख्खा घड घेतला. एवढा मोठा, की टीसीनं आधी घडाकडे तिकीट मागितलं आणि मग माझ्याकडे. संस्थेच्या फाटकातून आत आलो, तर तू पायऱ्यांवरून धावत खाली येताना दिसलीस. मला वाटलं, भावाच्या गळ्यात पडायला येतेय. लांबूनच हात आडवा केलास.

"तिथंच थांब. पाय नको टाकू आत."

"काऊन बे? भाऊ हाये तुया."

"तुले नाई, केळाले बंदी हाये. त्याच्यावर चिलटं हायेत ना."

"मंग? तू करतं काय अंदर? चिलटंच पाळतं ना?"

"माह्या चिलटाईच्या खानदानाची मले खबर हाये. तुया चिलटाईच्या नाई."

ज्या घरी रात्रंदिवस केळावरच्या चिलटांचीच सेवा चालते, त्या घरात केळाला बंदी; म्हणजे लग्नघरात नवरदेवालाच मज्जाव. तू समजावून सांगितलंस, की माझ्या घडावरचं एक रानटी चिलट आत शिरलं, तुझ्या एखाद्या बाटलीत पोहोचलं आणि तिथं संसार थाटून बसलं, की तू पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वंश बुडाला. शिवाय त्यांच्या अंगावरचे किडे. मग फाटकाबाहेर वॉचमन, तू, तुझ्या मैत्रिणी आणि मी, सगळ्यांनी मिळून घड संपवला. वॉचमनला रात्री जेवावं लागलं नसेल. मला हात धुवायला लावलेस, शर्ट बदलायला लावलास, झटकलंस, आणि मगच आत घेतलंस.

आत काचेच्या नळ्यांच्या भिंती. प्रत्येक नळीला कापसाचं बूच, तळाशी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून ओतलेलं. शिऱ्यासारखं दिसलं म्हणून मी बोटानं चाटून पाहिलं. नावं ठेवण्यासारखं नव्हतं. नांदुऱ्याला परतल्यावर मी सांगितलं, की पुण्यात चिलटांना एसी आहे, दोन वेळ गरम शिरा आहे, आणि तो रांधायला डॉक्टरेट करणाऱ्या पोरी आहेत. यातलं एसीचं आणि पोरींचं तर तंतोतंत खरं होतं.

मग तू सूक्ष्मदर्शकाखाली एका माशीचा डोळा दाखवलास. लालभडक. डाळिंबाचे दाणे कुणी फुरसतीनं ओळीत लावून ठेवावेत तसा. एवढ्याशा चिलटाला असा डोळा असतो, हे मला इतकी वर्षं त्यांना दुकानातून हाकलताना कधी कळलं नव्हतं. मग दुसरी माशी. तिच्या डोळ्याचा रंग उडालेला, दाणे एकमेकांत चेपलेले. टोपलीच्या तळाशी दबलेल्या फळासारखा.

"हे काय?"

"बाबा," तू म्हणालीस.

मी डोळा वर केला नाही. तू मागून सांगत होतीस. बाबांच्या आजाराला हंटिंग्टन म्हणतात. त्यांच्या रक्तातल्या एका जनुकात एक तुकडा नको तेवढा लांबलेला आहे. तोच लांबलेला तुकडा या माशीच्या डोळ्यात घातला आहे. डोळ्यातच, कारण डोळा गेला तरी माशी जगते, खाते, पिल्लं देते. माणसाच्या मेंदूत जे आत, वर्षानुवर्षं, कुणाला न दिसता चालतं, ते इथं काही दिवसांत वरून दिसतं. आणि माशीच्या पेशीचा आतला कारभार आपल्यासारखाच चालतो. म्हणून तिला विचारायचं, आपल्या बाबांना विचारता येत नाही ते.

दुसऱ्या नळ्यांत आजार माशीच्या सगळ्या मेंदूत होता. तू नळी टेबलावर हलकेच आपटलीस, माश्या तळाशी पडल्या. निरोगी नळीतल्या सरसर वर निघाल्या. मला शंकरपटात धावणारे बैल आठवले, आणि मी ओरडायला लागलो, "चढ बे, चढ." सगळी लॅब वळून बघायला लागली. मग आजारी नळी आपटलीस. त्या चार पावलं चढायच्या, घसरायच्या, बाजूला कलायच्या, परत निघायच्या. एक तर पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन खाली पडत होती. मी ओरडायचं थांबलो. बाबा एसटीची पहिली पायरी अशीच चढायचे.

त्या दिवशी आपलं जे भांडण सुरू झालं, ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही. मी म्हणालो होतो, माणसाचा रोग आणि चिलटाचा रोग एक कसा? बाबांना निम्मा आजार हातापायात होता आणि निम्मा लोकांच्या तोंडात. लोक पिऊन आहे म्हणायचे, म्हणून बाबा लग्नाकार्याला जायचे बंद झाले. तुझी माशी कुठल्या लग्नाला जायची बंद होते? आणि माझा मोठा मुद्दा पुढं होता. चिलटाच्या पिल्लाला हे ठाऊक असतं का, की आपल्या बापाला हे होतं आणि आपल्याला होईल की नाही? ते शिरा खातं आणि उडतं. आपण बशी धरताना स्वतःच्या बोटांकडे बघत राहतो. तो आजार कुठल्या नळीत दिसतो?

तू चिडशील असं वाटलं होतं. तू बराच वेळ नळ्या पुसत राहिलीस.

"बरोबर हाये तुयं. माशीत रोग पाह्यता येते. वाट पाह्यणं नाई पाह्यता येत."

"मंग?"

"मंग काई नाई. जेवढं तिच्यात दिसते तेवढं तिले विचारतो. बाकीचं आपलं आपण."

वैशू, मी जिंकलो होतो, आणि जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पुढं एखादं औषध माश्यांमध्ये चाललं की तुझा फोन यायचा, आणि पुढच्या वेळी ते माणसात चाललं नाही हेही तूच सांगायचीस, त्याच आवाजात. मी विचारलं, मग मेहनत वाया का? तू म्हणालीस, कुठं शोधायचं नाही ते तर कळलं. मी फळं विकतो. न खपलेल्या मालाबद्दल इतक्या शांतपणे बोलणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही.

पुढं तू चिखलीला कॉलेजात आलीस. पुण्याचे आजारी वंश पुण्याला राहिले, इथं साध्यासुध्या माश्या. पांढऱ्या डोळ्यांच्या, वाकड्या पंखांच्या, पोरांना शिकवण्यापुरत्या. उन्हाळ्यात त्यांना ओल्या पोत्याआड ठेवायचीस, कूलर त्यांच्याकडे, आणि तू घामाघूम. मी घाटाखाली नांदुऱ्याच्या उन्हाच्या भट्टीतून यायचो तर तू कूलर माझ्याकडे वळवू द्यायची नाहीस. कोशातून नुकत्या बाहेर आलेल्या माद्या सकाळीच वेगळ्या काढायच्या, नरांशी गाठ पडायच्या आत, आणि मग आपण ठरवू त्या स्थळाशी लग्न लावायचं. हा तुझा रोजचा उद्योग. मी गावभर सांगून ठेवलं होतं, माझी बहीण चिलटांच्या सोयरिकी लावते, कुणाचं अडलं असेल तर पत्रिका पाठवा. जनामावशी तुला टोचायची. "माश्याइचे लगन लावतं, तुयं कव्हा?" तू म्हणायचीस, "मावशी, मले पसंत पडते तो नळीत मावत नाई." लग्न का केलं नाहीस याची मी दहा वेगवेगळी कारणं दहा गावांत पेरून ठेवली होती. खरं कारण आपण दोघं जाणून होतो, आणि एकमेकांपुढं ते कधी काढत नव्हतो.

काढलं ते एकदाच. तुझ्या त्या माशीघरात.

तू मला फार पूर्वी सांगितलं होतंस, की बाबांच्या लेकरांना हा आजार येण्याची शक्यता निम्मी. मी ते माझ्या पद्धतीनं समजलो होतो. बाबांनी उंद्रीचं शेत आपल्या दोघांत वाटलं, मध्ये बांधाचा धुरा टाकला, निम्मं तुझं, निम्मं माझं. हेही तसंच. दोन लेकरं, निम्मा वाटा, म्हणजे एकाला येणार. चिखलीला येऊन मी तुला माझा निर्णय सांगितला. रस्ताभर जुळवत आलो होतो.

"मी मोठा हावो. ते माह्या नावावर घेतो. तू लगन कर."

तू आधी हसलीस. इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी पुसता पुसता तुझा चेहरा बदलला. "इतके वर्षं तू हे धरून बसला?" तू म्हणालीस. आणि मग तू रागावलीस, जशी आयुष्यात माझ्यावर कधी रागावली नव्हतीस. कुठलीशी एक बाटली माझ्यासमोर ठेवलीस.

"याइच्या मायचे पंख वाकडे, बापाचे सरळ. पाह्य आता."

बाटलीत माश्याच माश्या. काहींचे पंख वर वळलेले, काहींचे सपाट. साधारण निम्म्या निम्म्या. मी म्हणालो, तेच तर सांगतोय. तू त्याच घराण्याची एक नळी माझ्या हातात दिलीस. तिच्यात चारच माश्या निघाल्या होत्या.

"मोज. वाकडे किती?"

"चार."

"सरळ?"

मी नळी फिरवून फिरवून पाहिली. एकही नव्हती.

"मंग? याइची वाटणी कोणं केली? दोघी वाकड्या निघाल्या म्हणून तिसरी सुटली का?" तू माझ्या हातातून नळी घेतलीस. "भाऊ, आधीच्यानं काय नेलं, हे मागच्याले माहीतच नसते. जो येते त्याचा फैसला पह्यल्यापासून. माह्या तुया दोघाइले असू शकते."

"आन् दोघाइले नसलं तर?"

"तशीबी नळी असते," तू म्हणालीस. "चारी सरळ. तेही पाह्यलं मी."

मी माझ्या नावावर जे घ्यायला आलो होतो ते घेता येण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे माणूस भावाचं कर्ज घेतो, गुन्हा घेतो, रात्रपाळी घेतो. हे घेता येत नाही. घाट उतरताना मला पहिल्यांदा तुझ्या माश्यांचा राग आला. खोटं बोलायला त्या जागाच ठेवत नाहीत.

आणि तुला तर तेव्हा माहीतच होतं. ते मला फार नंतर कळलं. तुझ्या ब्रशवरून माश्या निसटायला लागल्या तेव्हा. चित्रकाराच्या त्या बारीक ब्रशनं तू झोपलेली माशी उचलायचीस, ती वाटेतच पडायला लागली. तू मला दुकानात येऊन सांगितलंस, केळी निवडता निवडता, भाव सांगावा तसं. "भाऊ, सुरू झालं माह्यं." मी म्हणालो, थकवा असेल, तपासून घेऊ. तू म्हणालीस, "तपासलं हाये. बाबा होते तव्हाच. पुण्यात." म्हणजे मी घड घेऊन आलो होतो तेव्हा तू ते पोटात ठेवून केळी खाल्ली होतीस. नळी आपटून दाखवली होतीस, माझा "चढ बे" ऐकला होतास, आणि वाट पाहण्याबद्दलचं माझं भाषण नळ्या पुसत ऐकून घेतलं होतंस.

शेवटची वर्षं तू माझ्या घरी काढलीस. तू आलीस आणि घरात हसणं वाढलं, ही थाप नाही, माझ्या बायकोला विचार. माडीचा जिना चढताना तू मध्येच थांबायचीस, कठडा घट्ट धरायचीस, आणि माझ्याकडे बघून म्हणायचीस, "आपट बे नळी. पाहू चढते का." मी खाली उभा राहून शंकरपटातल्यासारखा ओरडायचो. शेजारी म्हणायचे, या घरातली माणसं येडी आहेत. जिना चढून झाल्यावर तू वरून विजयी हात करायचीस, तो हात भलतीकडेच जायचा, आणि आपण दोघं त्याच्यावरही हसायचो. तुझ्याशी हे असं हसता आलं, याबद्दल मी कुणाचे आभार मानू हे मला कळत नाही. तुझेच मानतो.

मग बोलणं जड झालं. एकेक शब्द जिभेवरून ढकलून बाहेर काढावा लागायचा. तसे शब्द माणूस वाया घालवत नाही, आणि तू ते करुणावर खर्च केलेस. "तुले... तपासून... नाई पाह्याचं... तर नको पाहू. तुया हक्क हाये." घोटभर पाणी. "पन तिले... नाई हाये... असं नको सांगू." करुणाचं अडलं होतं ते माझ्यापायी. तिनं आधी तपासून घेतलं आणि तिला निघालं, तर ते माझ्याकडूनच आलं असणार, म्हणजे मला न विचारता माझा निकाल लागला. म्हणून ती पोरगी माझ्यासाठी थांबली होती. हे तू सांगितलंस आणि मी काय केलं? मी म्हणालो, माझं रक्त काढायला नर्स आली तर सुई वाकेल, इतकं केळीचं लोखंड आहे अंगात. तू हसलीस, तुला ठसका लागला, बायको धावत आली, आणि विषय तिथंच राहिला. मग न्यूमोनिया झाला. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलीस.

म्हणून मावशी जेव्हा म्हणाली, सुटले तुम्ही, तेव्हा वैशू, मला ते इतकं हवंसं वाटलं. माझ्या सगळ्या थापांहून चांगली थाप होती ती. तिच्यात तू थोर होतीस, मी वाचत होतो, करुणाचं लग्न सुखात होत होतं, आणि मंडपातली सगळी माणसं समाधानानं घरी जात होती. तुझ्या मरणाला इतका सुंदर अर्थ मला रचता आला नसता. फक्त एक अडचण होती. ती गोष्ट मान्य केली की तू माझ्या वाट्याचं ओझं वाहणारी ठरतेस, आणि तू तशी नव्हतीस. तुला तुझं स्वतःचं मरण आलं. ते तरी तुझं तुझ्याजवळ राहू दे.

दुसऱ्या दिवशी करुणा मलकापूरला बँकेत न जाता दुकानात आली. माझ्यासमोरच्या पेटीवर बसली.

"पप्पा, मावशीआजी म्हणाली ते खरं हाये का?"

"नाई."

मग मी तिला सांगितलं. बाटलीतल्या निम्म्या आणि नळीतल्या चार, जसं तू दाखवलंस तसं. चारी सरळ पंखांचीही नळी असते, तेही सांगितलं. मला कुणी शिकवलं, आणि मी काय समजत होतो, तेही. एक शब्द पदरचा घातला नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला मी नंतर ये म्हणालो. माझं बोलणं संपलं तरी ती बसून राहिली. मी विचारलं, काय झालं.

"तुम्ही काहीच वाढवून नाही सांगितलं," ती म्हणाली, "म्हणून भेव लागून राह्यलं."

मी म्हणालो, मलाही.

आम्ही दोघं तपासणीसाठी नागपूरला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरीणबाई लगेच रक्त घेत नाहीत, आधी बसवून बोलतात. त्यांनी विचारलं, निकाल कळल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल, याचा विचार केलाय का? मी त्यांना संत्र्यांचा भाव सांगायला लागलो. करुणा खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी त्या मला म्हणाल्या, घाई नाही, विचार करा, पुढच्या वेळी आधी तुमचं रक्त घेऊ.

पुढची वेळ परवा आहे. आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडायचं नाही, तुझं ऐकायचंही नाही, फक्त एक गोष्ट तुला विचारायची आहे. इतक्या वर्षांत ती विचारायची सुचलीच नाही. पुण्यात तुला कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठलीस, तेव्हा काय केलंस? चहा घेतलास का? लॅबमध्ये गेलीस का? कुणाशी बोललीस, की दिवसभर माश्यांची तोंडं बघत बसलीस? मला फोन केला असतास तर मी आलो असतो, हे तुला माहीत होतं. तू केला नाहीस. त्या एका सकाळीबद्दल मला कुणीच काही सांगू शकत नाही, आणि माझी तशी सकाळ आता येतेय.

करुणाला मी हे बोललो. ती म्हणाली, निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं, नेहमीच्या वेळेला, काहीही निघालं तरी. निकालाची तारीख कळली की ती त्या दिवसाची रजा टाकणार आहे. मी माल लावीन, ती गिऱ्हाईक बघेल. मी म्हणालो, तुला भाव माहीत नाहीत.

"तुम्ही सांगाल ना," ती म्हणाली. "तुम्ही हायेच ना."

— भाऊ